परक्या हातची पुरचुंडी

गेल्या अंकांत मुलांच्या हस्ताक्षरासंबंधीं दोन शब्द लिहिले होते, त्यांवर वाचकांचीं बरीच पत्रें आलीं. त्यांचा परामर्श पुढें केव्हां तरी घेईन. कारण मध्यंतरीं आमच्या घरीं एक असा प्रसंग घडला, कीं तो सांगितल्यावांचून मला दुसरें कांहीं सुचत नाहीं. प्रसंग लहानच, पण त्यापायीं माझी दोन रात्रींची झोंप गेली, आणि एका जुन्या स्नेह्याचा स्नेहही, निदान कांहीं काळापुरता, गेला.

माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा यंदा शिक्षण संपवून नोकरीस लागण्यापूर्वीं महिनाभर परदेश पाहावयास निघाला. पाठीवर एक मोठी पिशवी, तींत चार कपडे, आणि बरोबर दोन मित्र. विमानानें बँकॉकला उतरावयाचें, तेथून आगगाडीनें व मोटारीनें मलेशियांतून खालीं सिंगापुरास जावयाचें, आणि वाटेंत स्वस्तांतल्या सामायिक खोल्यांत मुक्काम करावयाचा, असा त्यांचा बेत. अशा प्रवाशांस बॅकपॅकर म्हणतात असें त्यानें मला सांगितलें. आपल्याकडे पूर्वीं काशीस निघालेला मनुष्यही खांद्यावर पडशी टाकूनच निघे. तेव्हां ‘पडशीवाले’ म्हटलें तरी चालेल, असें मीं म्हटलें, त्यावर तो हंसला.

निघण्याच्या आदल्या दिवशीं सायंकाळीं माझे स्नेही घरीं आले. शेजारच्या वाड्यांत चाळीस वर्षें राहणारे, सरकारी खात्यांतून मानानें निवृत्त झालेले, रोज संध्याकाळीं सिद्धेश्वराच्या तळ्याकांठीं माझ्याबरोबर फेरी मारणारे गृहस्थ. त्यांची कन्या सिंगापुरास असते. नुकतीच बाळंत झालेली. त्यांच्या हातांत मांजरपाटांत शिवलेली आणि वर नांव-पत्ता लिहिलेली एक पुरचुंडी होती. “चिरंजीव त्या बाजूस जातच आहेत, तर एवढें आमच्या मुलीस पोंचवावें,” असें ते म्हणाले. मीं अर्थातच “अवश्य” म्हटलें आणि पुरचुंडी पुतण्याच्या हातीं दिली.

पुतण्यानें ती घेतली, वर-खालीं पाहिली आणि अत्यंत नम्रपणें म्हणाला, “काका, राग मानूं नका. पण शिवण उसवून आंत काय आहे तें पाहिल्याशिवाय मला ही नेतां येणार नाहीं.”

स्नेह्यांचा चेहरा उतरला. “चाळीस वर्षांच्या शेजाराची ही किंमत!” एवढेंच बोलून, पुरचुंडी उचलून ते निघून गेले. पुढें ठेवलेला चहा तसाच राहिला. मग मी पुतण्यास जें बोललों, तें सर्व येथें लिहिण्याजोगें नाहीं. वडीलधाऱ्यांचा अवमान, नव्या शिक्षणाचा उद्धटपणा, इत्यादि जीं वाक्यें मास्तरकींत मला पाठ झालीं आहेत, तीं एकूण एक त्यास ऐकविलीं. त्यानें तीं शांतपणें ऐकून घेतलीं आणि विचारलें, “अण्णा, मुंबईच्या त्या जोडप्याची हकीकत तुम्हीं वाचली नाहीं काय?”

मीं ती वाचली नव्हती. आतां वाचली आहे, आणि वाचकांनींही वाचावी म्हणून संक्षेपानें देतों. सन २०१९ च्या जुलै महिन्यांत मुंबईचें एक तरुण दांपत्य कतार देशांत दोहा येथें सहलीस गेलें. सहलीचा खर्च पतीच्या जवळच्या नात्यांतील एका वडील बाईनें केला होता. पत्नी त्या वेळीं गरोदर होती. निघतांना त्या बाईनें तेथील कोणा ओळखीच्या मनुष्यास देण्यासाठीं तंबाखू म्हणून एक पुडकें त्यांच्याबरोबर दिलें. घरच्या माणसानें दिलेलें पुडकें उघडून कोण पाहतो? दोह्याच्या विमानतळावर त्यांच्या सामानांत चार किलोहून अधिक चरस निघाली. दोघांसही दहा वर्षें कारावास आणि जबर दंड अशी शिक्षा झाली. त्यांच्या मुलीचा जन्म बंदिवासांतच झाला. इकडे त्यांच्या घरच्यांनीं हाय खाऊन न बसतां नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरो या केंद्र सरकारच्या खात्याकडे तक्रार केली. खात्यानें तपास करून दांपत्य फसविलें गेल्याचा निष्कर्ष काढला व त्या बाईसही अटक झाली. मग परराष्ट्र खात्यामार्फत खटपटी झाल्या, कतारच्या वरिष्ठ न्यायालयानें फेरविचाराची आज्ञा दिली, आणि मार्च २०२१ मध्यें दोघें निर्दोष सुटलीं. एप्रिलमध्यें तीं तान्ह्या मुलीस घेऊन मुंबईस परतलीं. म्हणजे एका पुडक्यापायीं एकवीस महिने.

हें निदान सुटले. त्यांच्या सुटकेसाठीं किती गोष्टी जुळून याव्या लागल्या तें पाहावें: घरच्यांचा धीर, खात्याचा तपास, दोन सरकारांमधील पत्रव्यवहार, आणि ऐकून घेणारे न्यायाधीश. यांतील एक कडी निसटती, तर ती मुलगी दहा वर्षांची झाल्यावर तिच्या आईबापांस घर दिसलें असतें.

दुसरी हकीकत एप्रिल २०२३ ची. मुंबईच्या एका अभिनेत्रीस नाटक-सिनेमाच्या कामासाठीं चांचणी द्यावयाची आहे असें भासवून शारजास पाठविण्यांत आलें, आणि जातांना तिच्या हातीं एक स्मृतिचिन्ह देण्यांत आलें. त्या स्मृतिचिन्हाच्या पोकळींत अंमली पदार्थ होते. मुंबई पोलिसांच्या तपासांत असें निघालें कीं, तिच्या आईशीं झालेल्या क्षुल्लक भांडणाचा सूड म्हणून हें कपट रचलें होतें. तीही सुमारें तीन आठवड्यांनीं कोठडींतून सुटली. पुडकें देणारीं माणसें दोन्ही ठिकाणीं ओळखीचीं, बोलण्यांत गोड; आणि घेणाऱ्यांस ‘नको’ म्हणण्याची भीड पडलेली.

ही भीडच मला दोन रात्री झोंपूं देईना. आमच्या पिढीनें मुलांस काय शिकविलें? वडीलधाऱ्यांनीं एखादी वस्तु हातांत दिली तर ती दोन्ही हातांनीं घ्यावी, आंत काय आहे तें विचारूं नये, परक्याचें पत्र उघडूं नये, दुसऱ्याच्या गांठोड्यास हात लावूं नये. हे संस्कार वाईट नव्हेत. आमच्या वाड्यांतील सतरा माणसें एका स्वयंपाकघरांत सुखानें नांदलीं तीं यांच्याच बळावर. परंतु हेच संस्कार घेऊन मुलगा विमानांत चढला म्हणजे तो कपटी मनुष्याच्या दृष्टीनें उत्तम हमाल होतो. गरीब बापुडा, निर्व्यसनी, घरंदाज, चेहऱ्यावर सज्जनपणा. त्याच्यावर कोणाचा संशय जाणार? मालाचा धनी असाच मुलगा शोधीत असतो. व्यसनी मुलाच्या हातीं तो आपला माल देत नाहीं.

आमच्या मनांत अंमली पदार्थांचें भय म्हणजे व्यसनाचें भय, एवढेंच असतें. मुलगा सुपारी खात नाहीं, सबब त्यास धोका नाहीं, असा आमचा तर्क. कायदा निराळ्या तर्कानें चालतो. न्यायशास्त्रांत जो प्रतिज्ञा मांडील त्यानेंच हेतु द्यावा लागतो. येथें उलट आहे. सिंगापूरच्या १९७३ च्या कायद्याप्रमाणें ज्याच्या ताब्यांत पिशवी, तिच्यांतील पदार्थ त्याच्याच ताब्यांत आहे आणि तो काय आहे हें त्यास ठाऊक आहे, असें न्यायालय गृहीत धरतें. तसें नव्हतें हें सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. आपल्याकडच्या १९८५ च्या कायद्यांतही अपराधी हेतूविषयीं असेंच गृहीतक आहे. आतां आपणच विचार करावा: मला ठाऊक नव्हतें, हें सिद्ध कसें करावयाचें? न जाणण्याचा पुरावा कोठून आणावयाचा? 

पुतण्याच्या वाटेवरचे तीन देश एकास एक लागून आहेत, आणि तिघांचे कायदे तीन तऱ्हेचे. थायलंडनें ९ जून २०२२ रोजीं गांजाचें नांव अंमली पदार्थांच्या यादींतून काढलें. पाहतां पाहतां बँकॉकच्या खाओ सान रस्त्यावर, जेथें हे पडशीवाले उतरतात, गांजाचीं दुकानें पानपट्टीसारखीं उभीं राहिलीं. बिस्किटें, मिठाया, सरबतें, सर्वांत तो मिसळून मिळूं लागला. जून २०२५ पासून चिठ्ठीशिवाय विक्री करूं नये असा निर्बंध त्या सरकारनें घातला खरा, पण दुकानें पाहून आलेल्या पोराच्या मनांत ‘इकडे हें चालतें’ ही समजूत घर करून बसते. बिस्किटांतल्या गांजाचा एक खोडसाळपणा असा कीं, त्याचा अंमल चढावयास तासभर, कधीं दोन तासही लागतात. पहिल्यानें कांहीं झालें नाहीं म्हणून मनुष्य दुसरें खातो, आणि मग दोन्हींचा अंमल एकदम चढतो.

त्याच पिशवीच्या कप्प्यांत अर्धें बिस्किट विसरून राहिलें आणि पिशवी दक्षिणेस निघाली, म्हणजे देश बदलतो. मलेशियांत २०० ग्रॅम गांजा जवळ असला कीं तो व्यापारासाठींच असें गृहीत धरतात. फांशीची सक्ती त्या देशानें २०२३ सालीं उठविली, तरी फांशी अद्याप न्यायाधीशांच्या हातीं आहे. सिंगापुरांत १५ ग्रॅमच्या पुढें व्यापाराचें गृहीतक लागूं होतें, आणि ५०० ग्रॅमच्या पुढें शिक्षा मृत्यूची. एप्रिल २०२३ मध्यें तेथें एका इसमास सुमारें एक किलो गांजाच्या प्रकरणांत फांशी दिलें. त्या गांजाला त्याचा हातही लागला नव्हता. दूरध्वनीवरून देवाणघेवाण जुळवून दिल्याचा आरोप त्याच्यावर शाबीत झाला होता. जगभरांतून दयेच्या विनंत्या गेल्या, त्यांचा उपयोग झाला नाहीं. हा कायदा योग्य कीं अयोग्य हा वाद विद्वानांनीं खुशाल करावा. मला स्वतःला तो क्रूर वाटतो. पण पडशी घेऊन सरहद्दीवर उभा असलेल्या मुलाला त्या वादाचा कांहीं उपयोग नाहीं.

आणखी एक गोष्ट पुतण्यानें सांगितली, ती मला सुचलीच नसती. तिघे मित्र एकत्र हिंडतात तेव्हां एकाचा सदरा दुसऱ्याच्या पिशवींत आणि दुसऱ्याचा टॉवेल तिसऱ्याच्या पिशवींत जातो. सामायिक खोलींत भेटलेला चौथा कोणी ‘माझें एवढें ठेव, माझी पिशवी भरली’ म्हणून कांहीं देतो. विमानतळावर तो चौथा रांगेंत दहा माणसें मागें उभा राहतो. पिशवी उघडली गेली तर तो तुम्हांस ओळखतही नाहीं.

हें सारें दूरदेशचें, आपणांस काय त्याचें, असें म्हणणाऱ्या सोलापूरकरांस मी दोन सालांची आठवण देतों. एप्रिल २०१६ मध्यें ठाणें पोलिसांनीं आपल्या शेजारच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांतून अठरा टनांहून अधिक एफेड्रिन जप्त केलें, आणि त्याचे धागे परदेशांत गेल्याचें सांगण्यांत आलें. २०२३ च्या ऑक्टोबरांत त्याच परिसरांत मेफेड्रोन नांवाचा अंमली पदार्थ तयार करणारे कारखाने उघडकीस आले. चादरी आणि शेंगांची चटणी यांबद्दल ज्या गांवाचें नांव निघावें, त्याचें नांव अशा बातम्यांत वाचून मान खालीं गेली. हल्लीं मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून उतरणाऱ्या तरुणांच्या सामानांत, मातीवांचून पाण्यावर वाढविलेला उंची गांजा सांपडल्याच्या बातम्या तर वारंवार येतात. फुकटची सहल, वर हातखर्चाला पैसे. येतांना फक्त एक पेटी आणावयाची. 

सन १९८५ नंतरच्या एका सहलींत मीं शाळेच्या मुलांस गोवा दाखविला. हणजुण्याच्या किनाऱ्यावर केस वाढवून पडलेले गोरे तरुण पाहून मुलें हंसत होतीं, आणि आग्वादच्या किल्ल्यांतील तुरुंगांत असे कांहीं परदेशी गांजा-चरसेपायीं वर्षानुवर्षें पडले आहेत, असें तेथल्या एका वृद्धानें आम्हांस सांगितलें. त्या वेळच्या कायद्याप्रमाणें बहुतेक अपराधांस किमान दहा वर्षें शिक्षा होई. प्रमाण पाहून शिक्षा कमी-अधिक करण्याची दुरुस्ती पुढें २००१ सालीं झाली. मीं मुलांस तेथल्या तेथें एक व्याख्यान दिलें: कर्मानुसार फळ. त्या गोऱ्या पोरांचेही कोणी आईबाप कोठें तरी पत्राची वाट पाहत असतील, हें त्या दिवशीं माझ्या मनांत आलें नाहीं. तें परवां, पुतण्याची पिशवी ओसरीवर पाहून आलें.

असो. दुसरे दिवशीं सकाळीं स्नेह्यांच्या पत्नी आमच्या मागीलदारीं आल्या. पुरचुंडी त्यांच्या पदराखालीं होती, आणि शिवण उसविलेली. “ह्यांचें मनावर घेऊं नका,” त्या आमच्या सौभाग्यवतींस म्हणाल्या, “पोरगा म्हणतो त्यांत चूक काय? मीच उसविली. बघ रे बाबा, एकेक काढून बघ.” पुतण्यानें स्वयंपाकघरांत पाटावर सारें मांडलें. बाळाचें अंगडें-टोपडें. मेतकुटाची बरणी. शेंगांची चटणी. बाळंतिणीसाठीं डिंकाचे लाडू, बत्तीस. आणि खिरीसाठीं पाव किलो खसखस.

खसखशीवर पुतण्याचा हात थांबला. “वहिनी, ही सिंगापुरांत नेतां येत नाहीं.”

आमच्या सौभाग्यवतींस हंसूं आलें. खसखस! जी अनारशाला लागते, लाडवाला लागते, वाण्याच्या दुकानीं जिऱ्या-मोहरीच्या शेजारीं उघडी मिळते! मलाही तें अतिशयोक्तीचें वाटलें. पण त्यानें त्या देशाच्या खात्याचा नियमच आम्हांस वाचून दाखविला. अंमली पदार्थांच्या खात्यानें तेथें खसखशीस निषिद्ध मालांत घातलें आहे. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबिया यांतही तिला मज्जाव आहे. दिवाळीच्या फराळाचे डबे आपण दुबईला पाठवितों, त्यांत अनारसे असतातच.

यांतील कारण संस्कृत शिकलेल्यास तरी कळावयास हवें होतें. अफूचें बोंड आणि खसखशीचें बोंड हें एकच. कोवळ्या बोंडास चिरा पाडून जो चीक गोळा करतात ती अफू. तेंच बोंड वाळल्यावर आंतून जें बीं झडतें ती खसखस. निघंटूंतून अफूस अहिफेन आणि खसखशीस खसतिल म्हटलें आहे. पैकीं अहिफेन हा शब्द मुळांत अरबी अफ्यूनाचें संस्कृत रूप. ‘सर्पाचा फेस’ हा अर्थ नंतर लावलेला, पण काय चपखल लावला! बियांत स्वतः अंमल नसतो, परंतु बोंडांतल्या चिकाचा अंश बाहेरून चिकटून राहूं शकतो, आणि परीक्षेंत तो दिसतो. आपल्या १९८५ च्या कायद्यानें अफूच्या बोंडा-काडाच्या (इंग्रजींत ‘पॉपी स्ट्रॉ’) व्याख्येंतून बीं स्पष्टपणें वगळलें, म्हणून आपल्या वाण्यास भीति नाहीं. भांगेचेंही तसेंच: झाडाची नुसती पानें व बिया आपल्या कायद्यांतल्या गांजाच्या व्याख्येंत येत नाहींत, म्हणून महाशिवरात्रीस घोटणाऱ्याचें निभावतें. ही सूट आपल्या सरहद्दीपर्यंतच. पलीकडचा अधिकारी आपली परंपरा विचारीत नाहीं.

वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. “लाडवांतही घातली आहे रे,” त्या हळूच म्हणाल्या. बत्तीस लाडू त्यांनीं स्वतः वळले होते. पुतण्याच्या आईनें ते लाडू डब्यांत भरून त्यांच्या हातीं परत दिले, तेव्हां दोघींच्याही तोंडून शब्द निघाला नाहीं. आपली नात तेथें पाळण्यांत, आणि तिच्या आईसाठीं केलेल्या लाडवांपायीं शेजाऱ्याचा पोर तिथल्या चौकींत. हें चित्र दोघींच्याही डोळ्यांपुढें उभें राहिलें असावें.

मग पुतण्यानें घरांत भरलेली आपली पिशवीही माझ्यासमक्ष रिकामी केली. त्यांतून आमच्या घरचेही दोन अपराध निघाले. एक, माझ्या सौभाग्यवतींनीं त्यास न सांगतां घातलेली खोकल्याच्या औषधाची बाटली. तींत कोडीन, म्हणजे पुन्हां अफूचेंच अपत्य. दुसरा, माझ्या बंधूंच्या झोंपेच्या गोळ्या, ‘विमानांत लागल्या तर’ म्हणून कागदाच्या पुडींत बांधलेल्या. वेष्टन नाहीं, चिठ्ठी नाहीं. अशा औषधांस कित्येक देशांत पूर्वपरवानगी लागते, आणि जेथें लागत नाहीं तेथेंही डॉक्टरची चिठ्ठी व मूळ वेष्टन मागतात. दोन्ही वस्तु बाहेर निघाल्या. 

अटक झालीच तर काय, हेंही मीं विचारून ठेवलें. परक्या देशांत धरलेल्या मनुष्यास आपल्या वकिलातीस कळवा असें म्हणण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारानें दिला आहे. तो हक्क तोंडानें मागावा लागतो. वकिलातीचा अधिकारी भेटावयास येतो, वकिलांचीं नांवें देतो, घरीं निरोप पोंचवितो. सोडवून नेत नाहीं. तसा त्यास अधिकारच नाहीं. समजत नाहीं अशा भाषेंतल्या कागदावर सही करूं नये. वकिलातीचा दूरध्वनि क्रमांक मीं माझ्या हातानें, सुवाच्य अक्षरांत, कागदावर लिहून त्याच्या पारपत्राच्या वेष्टनांत घातला. फोन हिसकावून घेतला तरी कागद राहील.

रात्रीं सिद्धेश्वर एक्स्प्रेसला आम्ही सारे त्यास पोंचवावयास गेलों. फलाटावर पाया पडतांना मीं त्यास म्हटलें, “काल मी जें बोललों...” “राहूं द्या, अण्णा,” तो म्हणाला. मास्तरास चूक कबूल करणें फार जड जातें. त्यानें माझें वाक्य पुरें होऊं दिलें नाहीं, तें बरें केलें. अंगडें-टोपडें, मेतकूट आणि चटणी पिशवीच्या वरच्या कप्प्यांत होतीं, उघडलीं तर चटकन दिसावीं म्हणून.

स्नेही मात्र त्यानंतर पंधरा दिवस तळ्याकांठीं आले नाहींत. आले तेव्हां उलट्या दिशेनें फेरी मारूं लागले, म्हणजे अर्ध्या वाटेवर रोज समोरासमोर भेट होई आणि आम्ही दोघेही पाण्याकडे पाहत पुढें जात असूं. परवां ते थांबले. खिशांतून फोन काढून त्यांनीं मला नातीचा फोटो दाखविला. तेंच अंगडें, तेंच टोपडें, आणि शेजारीं दाढी वाढलेला आमचा पुतण्या. “सुखरूप पोंचला म्हणावयाचा,” ते म्हणाले. मीं होय म्हटलें. मग मंदिराच्या पुलापर्यंत आम्ही बरोबर चाललों.